रिलेपाशी जळालेली पट्टी

"भाऊ, बोर्ड थंड खोलीत बनते, पण चालते त माह्या वावरात," असे म्हणत शेजारच्या काकांनी मोटरपंपाच्या ऑटो स्टार्टरचा जळालेला सर्किट बोर्ड आज माझ्या हातात ठेवला.

रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, पायापासून निघालेली तांब्याची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर रुंद होती आणि तिच्यावरचा हिरवा थर काळा पडून फुगला होता.

नेहमीच्या बोर्डावर तांबे साधारण 35 मायक्रॉनच जाड असते, त्यामुळे जास्त प्रवाहासाठी पट्टी रुंद ठेवावीच लागते. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात, बंद पत्र्याच्या पेटीत, तर हा हिशेब आणखी सैल हाताने, म्हणजे पट्टी जास्तच रुंद धरून, करायला हवा. मीही बोर्डांचे आराखडे काढतो. संगणकाच्या तपासणीत चुका शून्य आल्या की निश्चिंत होतो, पण तिला मी भरलेले आकडेच ठाऊक असतात.

पेटीतले तापमान आपल्यापैकी कोण प्रत्यक्ष वावरात जाऊन मोजते?