तुम्ही विचारलंत म्हणून: पुराची शीट परत का काढत नाही

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या पुढं गेलं की मला मेसेज सुरू होतात, "भावा, यंदा शीट कधी?" २०१९ च्या पुरात मी चालवलेली गूगल शीट. कोण कुठं अडकलंय, किती जण, बोट पाहिजे की गोळ्या, माहीत असेल त्यानं भरायचं आणि बोट असेल त्यानं बघून जायचं. नाही काढणार, का ते एकदाच लिहितो.

उपयोग झाला नाही असं नाही हं. पाणी ५५ फुटांवर, शिरोलीला हायवे बंद, गल्लीत किती पाणी हे गल्लीतल्याच पोराला आधी कळणार ना. पहिल्या रात्री ओळी आपोआप वाढत होत्या, कोण पुण्यातनं भरतंय कोण दुबईतनं, अंगावर काटा आला. तेव्हा मी सगळ्यांना हैती सांगत सुटलो होतो, २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरबसल्या ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या नकाशावर, तिथले रस्ते काढून दिले ते. अरे शहाण्या, रस्ता जागचा हलत नाही, माणूस हलतो!

तर शाहूपुरीतल्या एक आजी. दुसरा मजला, एकट्या, इन्सुलिन संपलंय. भाच्यानं भरलं, शेजाऱ्यानं भरलं, फॉरवर्ड वाचून अजून दोघांनी भरलं. चार ओळी बघून मला वाटलं लईच अर्जंट, लाल करून वर घेतली. पोरं दीड तास ओढीच्या पाण्यातनं बोट घेऊन गेली तर दाराला कुलूप. आजी आदल्या दिवशीच राजारामपुरीत लेकीकडं. भाच्याला फोन लावला तर म्हणतो, "अहो ते कालच झालं की." मग ओळ का नाही काढलीस? "ती मी काढायची असती होय?"

आणि खाली ४१ नंबरला एक बाळंतीण होती, एकाच माणसानं एकदाच भरलेली, म्हणून खाली. तिला संध्याकाळी दुसऱ्याच कुणीतरी काढलं, बाळ बरं होतं, पण हे मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर तो नंबर मी किती वेळा फिरवला असेल, स्विच ऑफ, लाईटच नव्हती तर चार्जिंग कुठलं.

२०२१ ला परत पाणी आलं, मी शीट काढली नाही, एक मित्र चार महिने बोलला नाही. म्हणाला, शीट नसती तर ती बोट तरी कुठं गेली असती? याला माझ्याकडं उत्तर नाही.

कुणाला काढायचीच असेल तर कॉपी देतो. 'सुटले' हा रकाना सगळ्यात आधी ठेवा आणि तो भरायला, फोन लावत बसायला, रात्रपाळीला दोन माणसं बसवा. त्यातला एक मी बसतो. लाल करायचं काम तेवढं मला देऊ नका.