अनुस्वार खाणारे पेन

माझ्याकडे शाईचे एक पेन आहे. ते एकदा चालू लागले की सुरेख चालते. अडचण एवढीच, की चालू लागायला ते वेळ घेते. पहिली रेघ ओढावी तर कागदावर निबेचा नुसता कोरडा वळ उमटतो, आणि त्याच जागेवरून पुन्हा हात फिरवला की जणू काही घडलेच नाही अशा थाटात शाई वाहू लागते. सुरुवातीला मी हा पेनाचा स्वभाव समजून सोडून दिला होता. सकाळचा चहा होईपर्यंत न बोलणारी माणसे आपण चालवून घेतोच की.

पण मराठी लिहिणाऱ्याला असे पेन फार काळ चालवून घेता येत नाही. देवनागरीत हात सारखा उचलावा लागतो. ‘विंचू’ एवढा दोन अक्षरी शब्द घेतला, तरी वेलांटी, अनुस्वार, उकार आणि शेवटची शिरोरेघ धरून पेन पाच-सहा वेळा कागदावरून उठते आणि तितक्याच वेळा नव्याने टेकते. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला माझे पेन कदाचित खुपले नसते, कारण तो आधी कागदभर आडवी रेघ मारून घेत असे आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे ओवत जात असे. आमच्या बाळबोध लिपीत मात्र प्रत्येक मात्रा ही नवी सुरुवात असते, आणि सर्वांत बिकट सुरुवात अनुस्वाराची. रेघेचा आरंभ कोरडा गेला तरी पुढचा भाग उमटतो. टिंबाला पुढचा भागच नसतो. माझे पेन अनुस्वार खाऊ लागले होते. थोरल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिच्या सासऱ्यांची चौकशी करताना मी ‘त्यांची तब्येत’ असे लिहिले होते, ते तिच्या हाती ‘त्याची तब्येत’ होऊन पोचले. तिचा फोन आला, “काय रे, माझे सासरे तुझ्या बरोबरीचे कधीपासून झाले?” त्या संध्याकाळी मी पेन उघडून बसलो.

शाळेत असताना यावर आमचे उपाय ठरलेले होते. पहिला उपाय झटकण्याचा, ज्याचे निळे पुरावे पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यावर वर्षभर टिकत. दुसरा उपाय दाढीच्या जुन्या पात्याचा तुकडा निबेच्या चिरेतून फिरवण्याचा. आणि तिसरा, हताश माणसाचा, निब वर्गातल्या शहाबादी फरशीवर खसाखसा घासण्याचा. आता वय वाढल्यामुळे मी रीतसर मार्गाने गेलो, म्हणजे पेन धुतले. गार पाण्याने, कारण गरम पाण्याने एबोनाइटचा रंग जातो आणि प्लास्टिकच्या भागांचाही भरवसा नसतो. निब आणि तिच्या पोटाशी असलेली जीभ रात्रभर वाटीत भिजत ठेवली, सकाळी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून पुन्हा खळखळून घेतली. वाटीतले पाणी इतके मोहक निळे झाले होते, की घरातून गोकर्णाच्या फुलांचे सरबत करतो आहेस का अशी पृच्छा झाली. पेन स्वच्छ झाले. अनुस्वार मात्र खातच राहिले.

मग मी जरा डोके लावले, जे खरे तर आधी लावायला हवे होते. पेन रात्रभर पडून राहिल्यावर सकाळी अडत असेल, तर दोष बहुधा टोपणात किंवा शाईत असतो; टोपण घट्ट बसत नाही, हवा लागते आणि निबेवरची शाई सुकते. माझे पेन तसे नव्हते. ते लिहिता लिहिता दोन क्षण उचलले तरी अडत होते, आणि दोन क्षणांत शाई सुकत नाही. बरे, शाई खाली उतरत नसेल म्हणावे, तर ओल्या टिपकागदाला टोक नुसते लावताच निळा डाग झरझर पसरे. म्हणजे जिभेच्या बारीक पन्हळीतून शाई खाली आणि हवा वर, ही लुईस वॉटरमनच्या १८८४ सालच्या पेटंटापासून चालत आलेली देवघेव बिनतक्रार चालू होती. शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येत होती आणि कागदापासून केसभर अंतरावर थांबत होती. आणखी एक खूण होती. वहीच्या खरखरीत कागदावर पेन निमूट लिहायचे. आडमुठेपणा सगळा गुळगुळीत कागदावर.

घड्याळजी डोळ्याला लावतात तसले १० पटीचे भिंग लावून टोक पाहिले तेव्हा उलगडा झाला. निबेच्या दोन पाकळ्या जिथे संपतात तिथे कठीण धातूचा एक मणी जोडलेला असतो आणि चीर त्या मण्याच्याही मधून गेलेली असते. या चिरेचे काठ जिथल्या तिथे राहिले, तर तिच्या तोंडाशी आलेली शाई कागदाला शिवते. माझ्या निबेला कारखान्यात इतकी जिल्हई दिली होती, की चिरेचे आतले काठही गोलावले होते. दोन बाजूंच्या दोन टेकड्या कागदावर टेकत होत्या आणि शाई मधल्या घळीत अधांतरी अडकून पडत होती. जोर दिला किंवा कागद खरखरीत असला की ती कशीबशी खाली पोचे. इंग्रज पेनशौकिनांनी या दोषाला तान्ह्या बाळाच्या ढुंगणाची उपमा दिली आहे, आणि भिंगातून पाहिल्यावर ती उपमा नाकारण्याची सोय राहत नाही. मला गंमत याची वाटली, की हेच पेन मी दुकानात ‘किती मऊ चालते!’ म्हणून पसंत केले होते.

यावरचा उपाय म्हणजे पुन्हा घासणेच. फक्त शहाबादी फरशीऐवजी मायक्रोमेश नावाच्या अतिबारीक पॉलिश पेपरचा १२००० क्रमांकाचा तुकडा, जो बोटाला पॉलिश पेपर वाटतच नाही, चामड्यासारखा लागतो. पेनात शाई भरलेली ठेवायची, पेन नेहमीच्या कलाने धरायचे आणि पेनाचेच काय ते वजन पडू देऊन त्यावर आठाचा आकडा गिरवायचा. हा आठ इंग्रजी हवा. आपला ८ एकाच उतारावरून घसरतो, त्यामुळे टोक एकाच अंगाने झिजेल. इंग्रजी आठात हात चहूबाजूंनी फिरतो. पाच आठ काढायचे, पेन पुसायचे, गुळगुळीत कागदावर टिंब देऊन पाहायचे. इथे घाई करण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही, कारण मण्याचा गेलेला धातू परत येत नाही, आणि चार फेऱ्या जास्त झाल्या की पेन अडखळायचे थांबून ओरखडू लागते. मी तर प्रत्येक फेरीनंतर भिंग लावत होतो. तिसऱ्या फेरीपर्यंत काही नाही. चौथ्या फेरीनंतर कागदाला टोक लावले, उचलले, आणि खाली एक गोल, ओला, चकचकीत ठिपका होता. मी खात्रीसाठी ओळभर ठिपके काढले. मग ‘विंचू’ लिहिला, मग ‘त्यांची’.

लिहिताना आता बारीकशी कुरकुर ऐकू येते, पूर्वीचा लोण्यासारखा मऊपणा गेला. मला ती कुरकुर आवडते. घरात इतरांना ती ऐकू येत नाही असे त्यांचे म्हणणे आहे.

बहिणीला मी लगेच दुसरे पत्र लिहिले. त्यात तिच्या सासऱ्यांचा उल्लेख गरज नसताना तीन वेळा आला, आणि तिन्ही अनुस्वार जागच्या जागी होते. एक जरा जास्तच फुगला होता, पण तो मी तसाच राहू दिला.