राजहंसगडाच्या पश्चिम उतारावर: जोराच्या वाऱ्यात हलकी ग्लायडर उडवण्याचा एक दिवस

निपाणीत आम्ही तिघेजण गेली काही वर्षे रेडिओवर चालणारी, बिनमोटारीची ग्लायडर बाळगून आहोत. आजवरचा आमचा सगळा सराव तंबाखू निघून मोकळ्या झालेल्या रानात, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान, झाडाचे पान हलत नसताना झालेला होता. ग्लायडर जितके हलके तितके चांगले, ही समजूत त्या शांत सकाळींनी आमच्या मनात पक्की केली होती. जूनच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर गेलो आणि पहिल्या चाळीस सेकंदांत ती समजूत मोडली. सोबत एका ग्लायडरच्या शेपटीची नळीही मोडली.

निपाणीहून महामार्गाने तवंदी घाट, संकेश्वर, काकती करत बेळगाव गाठायचे आणि वडगावातून येळ्ळूरचा रस्ता धरायचा, इतकाच प्रवास आहे. गडापर्यंत गाडी जाते. गडावर सिद्धेश्वराचे देऊळ आणि शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा असल्यामुळे शनिवार-रविवारी तेथे लेकराबाळांसह मोठी गर्दी असते, म्हणून आम्ही मुद्दाम कामाचा वार निवडला. तरीही गडाच्या आवारात किंवा तटावरून ग्लायडर सोडणे मला योग्य वाटत नाही. आम्ही गाडी खाली लावून, गडापासून बरेच बाजूला सरकून, पश्चिमेकडे तोंड असलेल्या मोकळ्या उताराच्या माथ्यावर उभे राहिलो.

घरातून निघण्यापूर्वी एक काम न चुकता करावे. सांबऱ्याचा विमानतळ आणि तेथील हवाई दलाचे केंद्र बेळगावला लागूनच आहे, त्यामुळे आपली नेमकी जागा डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर कोणत्या रंगात येते ते त्याच दिवशी पाहावे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत उडवता येते, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि व्यावसायिक वापर नसेल तर २ किलोपर्यंतच्या यंत्रालाही, वैमानिकाचा परवाना लागत नाही. याचा अर्थ उंचीची मर्यादा लागत नाही असा मात्र कोणी घेऊ नये. उतारावर चढता वारा मिळाला की ग्लायडर आपसूक वर जाते आणि ते किती वर गेले याचा अंदाज खालून हमखास चुकतो. दीडशे रुपये वाचवण्यासाठी उंची मोजणारे छोटे यंत्र न बसवण्याचा शहाणपणा आम्ही केला होता, तो आता सुधारला आहे.

आमच्याकडे दोन ग्लायडर होती. पहिले गिरकी घेऊन चकतीसारखे फेकायचे, म्हणजे डिस्कस लाँच प्रकारचे. स्पर्धांमध्ये एफथ्रीके नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटात पंखांचा विस्तार जास्तीत जास्त १.५ मीटर आणि वजन जास्तीत जास्त ६०० ग्रॅम चालते, आणि आमचे भरले होते २६५ ग्रॅम. दुसरे माझ्या मामेभावाने लवचिक ईपीपी फोमचे घरी कापलेले, शेपटीविना नुसत्या पंखाचे, १.२ मीटरचे, ५२० ग्रॅमचे. निघताना आम्ही या दुसऱ्याला 'म्हैस' म्हणून हिणवत होतो.

बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि तिच्यापलीकडे समुद्र असल्यामुळे मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत येथे वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. थंडीच्या दिवसांत तो पूर्वेकडून वाहतो आणि तेव्हा हाच उतार निरुपयोगी ठरतो. त्यामुळे डोंगराची कोणती बाजू निवडायची हे महिना पाहून ठरवावे. आम्ही पोहोचलो तेव्हा पायथ्याशी वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर होता, माथ्याच्या कडेवर ८, आणि मध्येच येणाऱ्या झोताला ११. वेग मोजण्याचे साधन जवळ नसेल तर रस्त्यावरची धूळ आणि सुटे कागद उडू लागले, झाडाच्या बारीक फांद्या हलू लागल्या की वारा ताशी २० ते २८ किलोमीटरांच्या घरात आहे असे धरावे. कडेवर तो याहून जास्तच भेटतो, कारण डोंगरावर चढताना हवेला अरुंद वाटेने जावे लागते आणि तिचा वेग वाढतो.

पहिली चूक अशी झाली, की मित्राने सवयीप्रमाणे गिरकी घेऊन हलके ग्लायडर फेकले. वाऱ्यात गिरकीच्या निम्म्या फेरीत पंखावर पाठीमागून वारा येतो, हात वाकडा सुटतो, आणि उतारावर अशा फेकीची गरजही नसते. दोन पावले पुढे टाकून, नाक किंचित खाली ठेवून, सरळ वाऱ्याच्या तोंडावर ढकलले तरी पुरते. ग्लायडर कसेबसे सावरले, वर चढले आणि नाक पश्चिमेकडे असतानाही हळूहळू मागे, आमच्या डोक्यावरून सरकू लागले. त्याचा उडण्याचा सहज वेग सेकंदाला ६ ते ७ मीटर, आणि समोरचा वारा ८ मीटर. ते जागेवर तरी कसे राहणार? मित्राने घाबरून वळवले, ते वाऱ्याबरोबर वेगाने माथ्याच्या मागे गेले आणि तेथे कोणी हाताने दाबावे तसे खडकावर आदळले.

ते का आदळले हे आम्ही नंतर पाहिले, खरे तर आधीच पाहायला हवे होते. काठीला साडीच्या काठाची हातभर पट्टी बांधून मी कडेपासून मागे चालत गेलो. कडेवर पट्टी ताठ पूर्वेकडे फडफडत होती. पंधरा पावलांवर ती लटपटू लागली. पंचविसाव्या पावलाला ती चक्क उलटून कडेच्या दिशेने वळली आणि मग गोल फिरू लागली. डोंगरमाथा ओलांडलेली हवा मागच्या बाजूला अशी भोवऱ्यासारखी खाली येते, आणि हलक्या ग्लायडरला तिच्यातून बाहेर पडण्याइतका वेग नसतो. एका पट्टीने आणि दहा मिनिटांच्या फेरीने हा भोवरा कोठे सुरू होतो ते कळते, म्हणून जागेवर पोहोचल्यावर खोके उघडण्याआधी ही फेरी मारावी असे मी आग्रहाने सांगेन.

आता वजनाविषयी. वाऱ्यात वजन वाढवायचे, हे ऐकायला उफराटे वाटते. पण उतारावर चढत्या हवेची ददात नसते. सेकंदाला ८ मीटरचा वारा २० अंशांच्या उतारावर चढत असेल तर त्याचा उभा भाग सुमारे २.७ मीटर होतो, आणि असे ग्लायडर शांत हवेत सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर खाली येते. म्हणजे उचल भरपूर, कमी पडतो तो पुढे जाण्याचा वेग. पंखाच्या प्रत्येक वर्ग डेसिमीटरवर किती ग्रॅम भार आहे त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हा वेग वाढतो. आमच्या २६५ ग्रॅमच्या ग्लायडरमध्ये ८० ग्रॅम घातले तर वजन ३० टक्क्यांनी वाढते, पण वेग केवळ १४ टक्क्यांनी. म्हणूनच वीस ग्रॅमची चिमूट घालून काही होत नाही. घालायचे तर भरघोस घालावे. त्या दिवशी मात्र म्हशीनेच आमची लाज राखली. तिच्या पंखावर दर वर्ग डेसिमीटरला २० ग्रॅम भार होता, हलक्यावर १२, आणि एवढ्या फरकाने ती त्याच वाऱ्यात नाक खुपसून पुढे जात राहिली.

वजन म्हणून टायरच्या दुकानात चाकांच्या बॅलन्सिंगसाठी वापरतात त्या चिकट पट्ट्या उत्तम. त्यांवर ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे पाडलेलेच असतात आणि येता-जाता कोठेही मिळतात. त्या नाकात कोंबू नयेत. पंखाखाली, गुरुत्वमध्याच्या रेषेवर, पुढे-मागे सारख्या लावून वरून चिकटपट्टी गुंडाळावी, आणि दोन बोटांवर ग्लायडर तोलून गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा. वाऱ्याच्या दिवशी तो नेहमीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे असला तर नाक झोतागणिक वर उसळत नाही.

प्रत्यक्ष उडवताना सगळी वळणे डोंगरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने घ्यावीत. कडेला समांतर जायचे, टोकाला बाहेरच्या बाजूला वळायचे, परत यायचे. वरून पाहिले तर आडवा पडलेला इंग्रजी आठ दिसेल. समांतर जातानाही नाक थोडे वाऱ्याकडे रोखलेले लागते, जसे पुराच्या नदीत होडी तिरकी धरतात तसे. खरा धोका असतो तो वाऱ्याच्या पाठीवर जाताना. ग्लायडरचा हवेतील वेग ८ मीटर आणि वारा ८ मीटर, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला ते सेकंदाला १६ मीटरने, ताशी ५७ किलोमीटरांहून अधिक वेगाने पळताना दिसते. डोळ्यांना वाटते की फार जोरात चालले आहे, हात आपोआप एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणारी, काडी मागे ओढतो, आणि पंखावरून जाणारी हवा मुळात तेवढीच असल्यामुळे ग्लायडर थबकून एका अंगावर कोसळते. मामेभावाने म्हैस अशी दोनदा पाडली. फोम असल्याने ती करवंदीच्या जाळीतून काटे काढून पुन्हा उडाली. काचतंतू किंवा बाल्सा लाकडाचे ग्लायडर तेथेच संपले असते. पहिल्या खेपेला डोंगरावर फोमचेच न्यावे, या माझ्या मताला एवढा पुरावा पुरे.

घारींकडे लक्ष ठेवावे. त्या जेथे पंख न हलवता टांगल्यासारख्या दिसतात तेथे उचल असते. पण त्यांच्यातली एखादी ग्लायडरवर झडप घालायला आली, तर हट्ट न धरता खाली उतरावे.

उतरवणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम आहे आणि त्याचा विचार फेकण्यापूर्वीच झालेला असावा. माथ्यावर मागे उतरवायला गेले की भोवरा गाठतो. जमिनीजवळ वारा मंद असल्यामुळे शेवटच्या दोन-तीन मीटरांत समोरची हवा एकदम कमी होते आणि पुरेसा वेग राखला नसेल तर ग्लायडर दगडासारखे पडते. आम्हाला साधलेली रीत अशी: कडेच्या अगदी टोकाशी उभे राहायचे, ग्लायडर समोरून वाऱ्याकडे तोंड करून धरायचे, नाक थोडे दाबून उंची उतरवत आणायची, आणि ते जवळजवळ जागेवर तरंगू लागले की दुसऱ्याने पंखामागून हाताने धरायचे. हे दोघांचे काम आहे. एकट्याने जाऊ नये.

तिसऱ्या उड्डाणात उचल अचानक कमी झाली आणि म्हैस उतारावरून खाली, पायथ्याच्या शेतात जाऊन बसली. येळ्ळूरचा शिवार भाताचा. जूनच्या सुरुवातीला तेथे धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी झालेली असते आणि वरून ती नुसती मोकळी माती दिसते. आम्ही सरळ आत शिरणार इतक्यात शेतातले गृहस्थ ओरडले, "बांधावरनं या ओ, पेरलंय तिथं!" आम्ही बांधाने वळसा घालून गेलो. त्यांनी ग्लायडर उचलून उलटेपालटे पाहिले आणि विचारले, "मोटार न्हाई ह्याला? मग उडतंय कशावर?" मामेभाऊ म्हणाला, "वाऱ्यावर, काका." "मग वारा सुटलाय की एवढा. खाली कशाला पाडलासा?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. ग्लायडर शेतात पडले तर आधी मालकाला हाक मारावी, बांधानेच जावे, आणि नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी ग्लायडरवर चिकटवलेली असावी.

वाऱ्यात सर्व्हो, म्हणजे ग्लायडरच्या हलत्या पाळ्या फिरवणाऱ्या छोट्या मोटारी, सतत झुंजत असल्यामुळे बॅटरी नेहमीच्या वेळेआधी उतरते. निपाणीत पाऊण तास पुरणारी आमची बॅटरी येथे पंचवीस मिनिटांतच बदलावी लागली. हातातला ट्रान्समीटर आणि ग्लायडरमधला रिसीव्हर यांच्यामध्ये डोंगर आला की २.४ गिगाहर्ट्झचा संदेश तुटतो, तेव्हा माथ्यामागे ग्लायडर कधीही नेऊ नये. संदेश तुटल्यावर रिसीव्हरने काय करावे हेही घरीच ठरवून ठेवावे. आमच्या रिसीव्हरला संदेश तुटताच हलके वळण घेत खाली येण्याचे सांगितलेले आहे, म्हणजे ते वाऱ्याबरोबर गावाच्या दिशेने वाहवत जात नाही.

चारच्या सुमारास जांबोटीच्या बाजूला आभाळ काळे झाले आणि पहिला गडगडाट ऐकू आला. माथ्यावर हातात ट्रान्समीटर आणि शेजारी कार्बनच्या नळ्या घेऊन विजेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे म्हैस उतरवून आम्ही पाच मिनिटांत सामान बांधले. वडगावात शिरेपर्यंत टपोऱ्या थेंबांचा वळीव सुरू झाला होता. मोडलेली नळी मी आतून कार्बनची बारीक काडी घालून, बाहेरून दोरा गुंडाळून, इपॉक्सीने जोडली आहे; त्यामुळे शेपटीकडे वाढलेले ६ ग्रॅम तोलण्यासाठी नाकात १५ ग्रॅमची पट्टी लावावी लागली, आणि पंखाखालच्या ८० ग्रॅमसकट आमचे ते हलके ग्लायडर आता ३६६ ग्रॅम भरते.