तुम्ही विचारलंत म्हणून: भेटा म्हटलंय, सोडवा कुठे म्हटलंय?

चर्चमधला आमचा गट खटला चालू असलेल्या कैद्यांना जामिनाच्या कागदपत्रांत मदत करतो, आणि कामाआधी वीस मिनिटं शांत प्रार्थनेला बसतो. त्यावर एकच प्रश्न दोन ठिकाणी, दोन तोंडांनी येतो. रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवर कोणीतरी विचारतं, "कैद्यांसाठी प्रार्थना करा, उपवासकाळात साबण-टूथपेस्ट गोळा करून द्या, ते ठीक. पण जामिनाच्या भानगडीत चर्चच्या माणसांनी कशाला पडायचं?" आणि कोर्टाच्या आवारात, कामात मनापासून मदत करणारे वकीलच विचारतात, "काम चांगलं करता, मग दर वेळी फाइल उघडायच्या आधी वीस मिनिटं डोळे मिटून कशाला बसता? तेवढ्यात दोन अर्ज लिहून होतील."

दोन्हीकडची माणसं भली आहेत. पण तुकड्यातुकड्यांनी उत्तर देऊन थकायला होतं, आणि तुकड्यात दिलेलं उत्तर अर्धवट ऐकलं जातं. म्हणून एकदा सगळं सलग लिहिते.

आधी पायरीवरच्यांना. तुमचा हुकमाचा एक्का बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात असतो. मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात, असं येशू म्हणतो. भेटा म्हणतो, सोडवा म्हणत नाही, असा तुमचा मुद्दा. पण लूकच्या चौथ्या अध्यायात, नाझरेथच्या सभास्थानात, त्याने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून आपलं काम काय हे गावासमोर वाचून दाखवलं. त्यात धरून नेलेल्यांची सुटका आहे, अगदी शब्दात आहे. गावकऱ्यांनी त्याला त्याच दिवशी कड्यावरून ढकलायला नेलं. तुमचा दुसरा दाखला मार्था आणि मरिया या बहिणींचा. मार्था पाहुणचारात गुंतली होती, मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकत होती, तिनेच चांगला वाटा निवडला, मग तुमची ही धावपळ कशाला? तो प्रसंग लूकच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. त्याच्या लगेच आधी, त्याच पानावर, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. त्या माणसाने वाटेतल्या जखमीसाठी तेल, द्राक्षारस, जनावर, खानावळ आणि दोन दिनार खर्ची घातले, शिवाय जास्त खर्च आला तर परतताना देतो म्हणून सांगितलं. लूकने या दोन गोष्टी एकाला एक लावून ठेवल्या आहेत. आपण त्यातली आपल्या सोयीची एक उचलतो. कोर्टाकडचे लोक शोमरोनी उचलतात, पायरीवरचे मरिया.

आता भानगड म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोर्चा आणि घोषणा असतात. प्रत्यक्षात ते कारकुनी काम आहे.

देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला चालू आहे किंवा चालू व्हायचा आहे. त्यातल्या अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो आणि तरी ते आतच असतात, कारण जामीनदार नसतो. पंचवीस हजारांचा जामीनदार आणा असा आदेश झाला, की त्या माणसाचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप किंवा ऐपतीचा दाखला लागतो. उत्तर प्रदेशातून आलेल्या बिगारी कामगाराला ठाण्यात असा माणूस कुठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात यावर वाट दाखवली आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाला स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करता येतो. शिवाय जामीनदार स्थानिकच हवा, ही अट न्यायालयांनी घालू नये. हे कागदावर आहे. ते घडवून आणायला कोणीतरी आठवण करून द्यावी लागते, आणि आठवण करून देणं एवढंच आमचं काम.

दुसरी वाट कलम ४७९ ची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३६-अ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते आलं. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे, त्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला, तर कच्च्या कैद्याला सोडायला हवं. पूर्वी कधी दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला एक वर्ष. २०२४ च्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत जुन्या खटल्यांनाही लागू केली. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला हे चालत नाही, आणि नेमकी चूक इथेच होते: एफआयआरमधलं पहिलं कलम बघून हिशेब करायचा आणि शेवटचं कलम वाचायचंच नाही. एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरी हे कलम लागू होत नाही. कैदी स्वतः दुसऱ्या खटल्याबद्दल सांगत नाही, कधी त्याला माहीतही नसतं. म्हणून आधी १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक मिळवायचा, ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटला उघडून पुढची तारीख बघायची, मग नावाने शोध घेऊन बाकी खटले तपासायचे. नावाची स्पेलिंगं तीन-तीन प्रकारे टाकून बघायची. यात एका माणसाचे दोन तास सहज जातात.

आणि आता वीस मिनिटं.

ती आम्ही शोधलेली नाहीत. येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: आभार, प्रकाशाची मागणी, दिवस उलगडणं, क्षमा, उद्याचा निश्चय. आम्ही त्या वहीवर उतरवल्या. वहीत चार रकाने: नाव, सीएनआर, पुढची तारीख, आणि त्याला काय हवंय. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. पहिली दोन मिनिटं नुसता श्वास. तीन मिनिटं आभार, आणि तेही नेमक्या गोष्टीचे: शिरस्तेदाराने न चिडता तारीख सांगितली, अमक्याची बहीण मुलाखतीला पोचली. मग एक मिनिट प्रकाश मागायचा. मग एकाने वहीतली नावं वाचायची, नुसती नावं, कलम नाही, आणि प्रत्येक नावानंतर साधारण अर्धं मिनिट थांबायचं. वीस नावं म्हणजे दहा मिनिटं. त्याहून जास्त नावं एका बैठकीत घ्यायची नाहीत, कान बधिर होतात. शेवटची चार मिनिटं आपली: कोणाचा कंटाळा आला, कोणाला मनातल्या मनात दोषी ठरवलं, उद्या पहिला फोन कोणाला.

चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा असतो. पहिले तीन कोर्टातून भरता येतात. चौथ्यासाठी माणसाला विचारावं लागतं, आणि विचारायचं राहून गेलेलं असतं. हे शांततेतच लक्षात येतं. घाईत आपण धरून चालतो की त्याला सुटकाच हवी आहे. कधी त्याला हवं असतं ते एवढंच, की आईला सांगू नका. कधी नंबरचा चष्मा. कधी जुना वकील बदलून हवा असतो, पण तसं बोलायची भीती असते.

चष्म्यावरून जे आठवतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फादर स्टॅन स्वामींचा विषय निघाला की पायरीवर दोन गट पडतात, आणि कोणीतरी म्हणतंच, "धर्मगुरूने राजकारणात पडू नये, ते पडले." मला त्या वाक्याचा राग येतो, तरी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

ते येशूसंघाचे धर्मगुरू. काम झारखंडात, रांचीजवळ नामकुमच्या 'बगईचा' या केंद्रात. त्यांच्या कामाचा मोठा भाग कच्च्या कैद्यांचाच होता. नक्षलवादी म्हणून पकडलेल्या आदिवासी पोरांचं काय होतं, याचा अभ्यास त्यांनी २०१६ मध्ये साथीदारांबरोबर मांडला, त्यांच्यासाठी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ ऑक्टोबर २०२० ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक केली. आरोप त्यांनी नाकारले. वय ८३, पार्किन्सन्स. त्यांना ठेवलं नवी मुंबईतल्या तळोज्याच्या तुरुंगात, म्हणजे आपल्याच दारात.

पार्किन्सन्सचा हात ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. पेला उचलला की पाणी ओठापर्यंत पोचायच्या आधी निम्मं गळ्यावर, शर्टावर सांडतं. दोन्ही हातांनी धरला तर दोन्ही हात थरथरतात. म्हणून सिपर लागतो, झाकण आणि नळी असलेला, पन्नास-शंभर रुपयांचा. ६ नोव्हेंबरला त्यांनी विशेष न्यायालयाकडे अर्ज केला की अटकेच्या वेळी घेतलेला स्ट्रॉ आणि सिपर परत मिळावा. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं की आम्ही तो घेतलेलाच नाही. तुरुंग प्रशासनाचं म्हणणं, आम्ही सगळी सोय केली आहे. मधल्या दिवसांत देशभरातून लोकांनी तळोज्याला पोस्टाने सिपर पाठवले. कोणाचं खरं, यावर पायरीवर अजून वाद घालतात. मला दिसतात ते वीस दिवस. एका सिपरची चौकशी करायला एक फोन पुरतो. अर्ज, उत्तर, तारीख हे सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि त्या सगळ्या कागदांत हात कुठेच नव्हता.

त्याच काळात त्यांनी मित्रांना पत्र लिहिलं. त्यात तक्रारीला फारशी जागा नाही. कोण जेवायला मदत करतं, कोण अंघोळीला, कोण कपडे धुतं आणि गुडघे चोळून देतं, हे आहे. कोठडीत सोबत असलेले दोघे कैदी फार गरीब घरचे आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती आहे. म्हणजे चौथा रकाना त्यांनी आत बसून भरला, आणि दुसऱ्यांचा भरला.

२२ मार्च २०२१ ला जामीन नाकारला गेला. २१ मे रोजी व्हिडिओवरून उच्च न्यायालयाला त्यांनी सांगितलं की आलो तेव्हा चालत होतो, लिहीत होतो, स्वतः अंघोळ करत होतो. आता चमच्याने भरवावं लागतं. जे.जे.ला जायला त्यांनी नकार दिला, आपल्या माणसांत जायचं आहे म्हणाले. महिनाअखेरीस न्यायालयाच्या परवानगीने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं, तिथे कोविड निघाला. ५ जुलैला जामिनाची सुनावणी होती, आणि त्याच दिवशी ते गेल्याचं डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं. आरोप खरे की खोटे, हे ठरवणारा खटला त्यांच्यापुरता उभाच राहिला नाही.

या प्रसंगाने माझं एक जुनं मत मोडलं. कृती हीच प्रार्थना, असं मी ठामपणे म्हणत असे, आणि त्यामुळे शांत बसणं शेवटी ठेवलेलं असायचं, काम आटोपल्यावर. शेवटी ठेवलं की ती विश्रांती होते, लोक पेंगतात. मुख्य म्हणजे निर्णय झालेले असतात, प्रार्थना त्यांच्यावर शिक्का मारते. म्हणून ती आधी आली. पण आधी ठेवूनही ती बिघडते. दोन-तीन बैठकांनंतर देव नेहमी आपल्याच बाजूने बोलायला लागतो. याची खूण अशी की 'मला आतून जाणवलं' असं म्हणणाऱ्याच्या मनासारखंच दर वेळी होतं. त्यावर उपाय, जाणवलेलं वहीत लिहून कैद्याच्या घरच्यांना किंवा वकिलाला विचारायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते खोडायचं. दुसरा बिघाड उलटा. अजून मन स्पष्ट नाही, अजून प्रार्थना करू, असं म्हणत तारीख निघून जाते. जामिनाच्या अर्जावर विवेचन, म्हणजे काय करावं ते प्रार्थनेतून पारखणं, करायचं नसतं, तो त्याच दिवशी द्यायचा असतो. विवेचन कशावर, तर कोणाचा खटला हाती घ्यायचा, कोणाला खरं सांगायचं, कोणी थांबायचं. आणि इग्नेशियस यांचा एक नियम इथे फार उपयोगी: मन उदास, कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. जामीन फेटाळल्याच्या संध्याकाळी गट सोडणारे जास्त असतात. तो निर्णय आठ दिवसांनी घ्यायचा.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तेही लिहिते, कारण तुम्ही तेही विचारता, जरा दबक्या आवाजात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय? वहीतलं प्रत्येक नाव निर्दोष नाही. काहींनी खरंच मारलं आहे, लुबाडलं आहे. कायद्यापुढे ते निर्दोष असतील, त्या घरापुढे नाहीत. आणि आपली गावं लहान. ज्या पोराचा जामीन व्हावा म्हणून धावपळ चालते, त्याने जखमी केलेल्या पोराची आई त्याच मिस्सेला तिसऱ्या बाकावर बसलेली असते. विनंती-प्रार्थनांत कच्च्या कैद्यांचा उल्लेख झाला की ती मान खाली घालते. दोन्ही नावं घ्या, असं सुचवून पाहिलं, तर तिला ते एकाच पारड्यात तोलल्यासारखं वाटतं, आणि तिचं बरोबर आहे. नावच घेऊ नका, तर तुरुंगातला पुन्हा अदृश्य होतो. तिच्या घरी आधी जाऊन विचारावं, असं ठरतं. जाणारं माणूस एकच असावं, कागद न घेता जावं, आणि तिने दार लावलं तर परत यावं, इतकं समजलं आहे. पण शुक्रवारच्या बैठकीत वही उघडली की तिचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं, हे अजून ठरलेलं नाही.