‘आमचं बरं चाललंय’

रविवार, रात्री

परदेशातल्या मुलांना आईवडील कॉलवर दिसतात ते छातीपासून वर. चेहरा, मागचं कपाट, अर्धा पंखा. एवढ्यात ‘आमचं बरं चाललंय’ पटतंच. पण म्हातारपण पायांत दिसतं: खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, वळताना भिंतीचा आधार घेणं. घरी दोन दिवस राहिलं की हे न विचारता कळतं. कॉलवर मात्र मुद्दाम बघावं लागतं.

त्यासाठी फोन त्यांच्या हातात नको. टेबलावर डब्याला टेकवून उभा करायला सांगावा, खिडकी त्यांच्या पाठीमागे नको, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते. मग म्हणावं, ‘आई, गोळ्यांचा डबा आणतेस?’ उठणं, चार पावलं, वळणं, बसणं सगळं दिसतं. डॉक्टरही अशीच चाचणी घेतात: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरली की किती उरल्यात तेही मोजता येतं. मात्र हे लपूनछपून करू नये. का बघतोय ते सांगावं. आईवडिलांची परीक्षा घेतल्यासारखं होणं मला फार वाईट वाटतं.

बोलण्याचंही तसंच. समोरासमोर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. अमेरिकेच्या कॉलवर आवाज जाऊन यायलाच त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. मग दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि ‘बोल बोल, तू बोल’ यात मूळ गोष्ट राहून जाते. शिवाय फोन स्पीकरवर असला की प्रतिध्वनी टाळायला तो एका बाजूचा आवाज दाबतो. त्यात पहिला बळी हुंकाराचा जातो. वडील ‘हं… हं…’ करत असतात, मुलाला वाटतं ऐकतच नाहीत. इअरफोन लावले तर बराच फरक पडतो. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजावेत. पहिलं उत्तर बहुधा ‘बरं आहे’च असतं, गुडघ्याचं नंतर निघतं.

आणि सुट्टीत घरी गेल्यावर शेजारच्या काकूंचा नंबर जरूर घ्यावा. पेपर दुपारपर्यंत दारातच पडून राहिला, तर तो त्यांना दिसतो.