माझा अनुभव: प्रायमर, फुसके बार आणि एक तक्रारीचा फॉर्म

घरी काडतुसं भरायला शिकताना बंदुकीच्या दारूच्या वजनाबद्दल सगळे भरभरून बोलतात. प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या, ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीचा, विषय निघाला की मात्र एकच वाक्य ऐकायला मिळतं: "मी अमुकच वापरतो, आजवर एकही फुसका निघाला नाही." कोणत्या हत्यारात, कोणत्या स्प्रिंगवर, किती खोल बसवून, असं विचारलं की समोरचा विषय बदलतो. मला हवी होती ती उत्तरं शेवटी माझी मलाच शोधावी लागली, आणि ज्यांनी द्यायला हवी होती त्यांनी फॉर्म भरायला लावला. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

त्याहून आधी सांगायची गोष्ट म्हणजे कायदा. काही देशांत हा छंद खुलेआम चालतो, तर काही ठिकाणी परवान्याशिवाय प्रायमर बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. घरात किती साठा चालतो, याचेही नियम असतात. ते बघितल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

मापाचं फारसं अवघड नाही. हँडगनसाठी दोनच व्यास असतात, स्मॉल ०.१७५ इंच आणि लार्ज ०.२१० इंच. ९ मिलिमीटर, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या काडतुसांना स्मॉल लागतो, .४४ मॅग्नमला लार्ज. फक्त .४५ एसीपी काडतुसाच्या पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या नळ्या) नीट निवडून घ्या. पूर्वापार त्या लार्ज खोबणीच्या (प्रायमर बसतो त्या खड्ड्याच्या) असत, हल्ली स्मॉलच्याही येतात, आणि ढिगात एखादी मिसळली की प्रेसचा (काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा) दांडा मध्येच अडतो. तिथे जोर लावायचा नाही. "मॅग्नम" या शिक्क्याचा अर्थ ज्योत जास्त तापट, एवढाच. सहज न पेटणाऱ्या दारूसाठी ती असते. काडतुसं भरण्याच्या मापांच्या पुस्तकात ज्या दारू-गोळीच्या जोडीसाठी साधा प्रायमर दिलाय तिथे मॅग्नम घातला तर दाब वाढू शकतो. प्रायमर बदलला की दारूचं माप पुन्हा खालच्या आकड्यापासून सुरू करायचं.

आता मूळ दुखणं. माझ्याकडे एक सेमी-ऑटो पिस्तूल आहे आणि एक जुनं रिव्हॉल्वर. एकाच खोक्यातले प्रायमर, एकच प्रेस, हात माझेच. पिस्तुलात सगळं सुरळीत. रिव्हॉल्वरमध्ये मात्र डबल अ‍ॅक्शनने (घोडा हाताने न चढवता, चापाच्या एकाच ओढीत) चाप ओढला की मधूनच नुसतं "टक्". नळी टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबायचं (उशिरा पेट घेणारं काडतूस हातात फुटायला नको), मग ते बाहेर काढायचं. प्रायमरवर खळगा पडलेला, पण उथळ. तेच काडतूस पुन्हा घातलं की बहुतेक वेळा उडायचं.

रेंजवरच्या जाणत्यांनी निदान केलं: "बोटांचं तेल लागलं असणार." कोरड्या, स्वच्छ हातांनी काम करावं हे खरंच, पण तेलाने मेलेला प्रायमर दुसऱ्या ठोक्याला जिवंत होत नाही. दुकानदार म्हणाला, ब्रँड बदला. त्याच्याकडे दुसरा होता, अर्थात.

मग कंपनीकडे तक्रार केली. फॉर्म ऑनलाइन. खोक्यावरचा लॉट नंबर, खरेदीची पावती, दारूचं नाव, गोळीचं वजन, हवेतला दमटपणा, साठवणुकीची जागा, फोटो चार कोनांतून. समस्येचा प्रकार यादीतून निवडायचा, आणि त्या यादीत "दुसऱ्या ठोक्याला उडाला" हा पर्यायच नाही. "इतर" निवडलं तर पुढे दोनशे अक्षरांची मर्यादा. नमुना पाठवायची सोय नाही. जिवंत प्रायमर साध्या टपालाने पाठवता येत नाहीत, ते धोकादायक मालात मोडतात, तेव्हा इथे त्यांना दोष देत नाही. फॉर्म पाठवल्यावर पोच आली, आणि मग शांतता. आठवण केली तर उत्तर: आपली विनंती प्रक्रियेत आहे. अखेर एका ओळीचा निकाल आला की सदर लॉट मानकांनुसार योग्य आढळला.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ज्या दोन प्रश्नांवर सगळं अवलंबून होतं ते फॉर्ममध्ये कुठेच नव्हते: प्रायमर बुडाच्या किती खाली बसलाय? आणि हत्याराची मुख्य (घोड्याला जोर देणारी) स्प्रिंग मूळची आहे का?

पहिल्या प्रश्नाचं कारण समजून घेतलं की निम्मं कोडं सुटतं. प्रायमर म्हणजे धातूची इवलीशी वाटी, तळाशी स्फोटक मिश्रणाची वडी, आणि वर तीन किंवा दोन पायांची ऐरण. फायरिंग पिन वाटी दाबते, वाटी आणि ऐरण यांच्यात मिश्रण चेपलं जातं आणि पेटतं. त्यासाठी ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. प्रायमर अर्धवट बसला असेल तर पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दुसऱ्याला तो उडतो. म्हणजे दुसऱ्या ठोक्याला उडणं हा साधारणपणे उथळ बसवल्याचा पुरावा मानतात. तो बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच हजारांश इंच असावा. मी भरलेली काडतुसं काचेवर बुडावर उभी केली; प्रायमर वर आलेला असेल तर काडतूस डुगडुगतं. एकही डुगडुगलं नाही. कॅलिपरच्या मागच्या दांडीने खोली मोजली, तीही बरोबर.

राहिली स्प्रिंग. हे रिव्हॉल्वर मी वापरलेलं घेतलं होतं आणि चाप लोण्यासारखा मऊ का, हे कधी विचारलंच गेलं नव्हतं. गनस्मिथकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे) नेल्यावर कळलं, आधीच्या मालकाने हलकी स्प्रिंग घातलेली. घोड्याचा ठोकाच कमजोर, त्यात माझे प्रायमर कडक वाटीचे. पिस्तुलाच्या जोरदार ठोक्याला ते चालत होते, इथे नाही.

खात्री करायची पद्धत फार समाधान देऊन गेली. दारू नाही, गोळी नाही, नुसत्या प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या घ्यायच्या आणि रेंजवर, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ लावून, डबल अ‍ॅक्शनने उडवायच्या. एक गंमत आधी माहीत असलेली बरी: रिव्हॉल्वरमध्ये असा नुसता प्रायमर उडाला की तो मागे सरकतो. एरवी दारूच्या दाबाने पुंगळी मागे आदळते आणि त्याला परत आत बसवते. इथे दाबच नाही, म्हणून तो बाहेर राहून चौकटीला घासतो आणि सिलिंडर अडतं. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. माझे जुने प्रायमर इथेही मधूनमधून दगा देत होते. फेडरल कंपनीचे क्रमांक १०० प्रायमर घातले, एकही चुकला नाही. फेडरलची वाटी मऊ, सीसीआय या दुसऱ्या कंपनीची तुलनेने कडक, हे जाणकार पूर्वीपासून सांगत आलेत. मूळ स्प्रिंग परत घालणं हा जास्त सरळ उपाय होता, पण तो मऊ चाप मला सोडवत नाही. रिव्हॉल्वरला मऊ, पिस्तुलाला कडक, अशी वाटणी केली. डबे वेगळे, चिठ्ठ्याही वेगळ्या.

मऊ वाटीला तिची किंमत आहेच. फेडरल जास्त संवेदनशील, म्हणून त्यांचे खोके शंभर प्रायमरसाठी उगाच अवाढव्य वाटतात; प्रत्येक दाणा शेजाऱ्यापासून लांब ठेवलेला असतो. काही प्रायमिंग अवजारांच्या सूचनापत्रात फेडरल वापरू नका असं छापलेलं असतं, ते वाचा. आणि कोणतेही प्रायमर मूळ खोक्यातून काढून बरणीत ओतू नका. बरणीत ते एकमेकांवर असतात, एक पेटला की सगळे पेटतात.

रायफलचे प्रायमर "जाड आहेत, सुरक्षित" म्हणून कुणी सुचवलं तर ऐकू नका. स्मॉल रायफलचा व्यास तोच, पण वाटी जाड, आणि माझ्यासारख्या कमजोर ठोक्याला तर नाहीच उडणार. लार्ज रायफल उंचीलाच जास्त असतो, हँडगनच्या पुंगळीत तो वर डोकावतो. ते सरळ धोक्याचं.

लष्करी पुंगळ्यांत प्रायमर कडेने दाबून पक्का केलेला असतो. ती दाबलेली कड काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, तिरका जातो नाहीतर चेपतो. अशा पुंगळ्या बाजूला काढा, सवडीने करा.

"टक्" आणि "फट्" यांतला फरकही सांगायचा राहिला. नेहमीपेक्षा दबका "फट्" आला तर प्रायमर उडालाय पण दारू पेटली नाही, किंवा पुंगळीत दारूच नव्हती. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा, नळी तपासा. पुढचा बार टाकायचा नाही, मागे कुणी घाई करत असलं तरी.

बसवलेला जिवंत प्रायमर काढायची वेळ आली तर चष्मा लावून, हळू, धक्का न देता. तेलात बुडवला की तो निकामी होतो यावर मी विसंबत नाही. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

खरेदीचं म्हणाल तर आधी शंभरचा एकच ट्रे घ्या, आपल्याच हत्यारात डबल अ‍ॅक्शनने वापरून बघा, आणि समाधान झालं तर त्याच लॉटचं हजाराचं खोकं उचला. लॉट नंबर वहीत लिहून ठेवा. २०२० नंतरच्या टंचाईत मिळेल ते घ्यावं लागत होतं, तेव्हा अनोळखी ब्रँडवर ही चाचणी करणारे शहाणे ठरले. तक्रार करायची वेळ आलीच, तर फॉर्मच्या "इतर"मध्ये पहिल्याच वाक्यात खोली आणि स्प्रिंग लिहा. दोनशे अक्षरांत तेवढंच बसतं.