बॅगांपाशी

तोरण्यावरून घरी आल्यापासून भाच्याचं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "आत्या, तू बस इथे बॅगांपाशी, आम्ही बुधला माचीवर पटकन जाऊन येतो." बास, एवढंच. प्रेमाने म्हणाला, वर पाण्याची बाटली पण हातात दिली. तरी लागलं ते लागलंच.

बरं, मी काही आडवी पडले नव्हते. वेल्ह्यातून उजाडताना निघालो, सुरुवातीचा सोपा रस्ता संपला की जी धार लागते ती चढताना सगळ्यांचीच वाफ निघालेली, घसाऱ्यावरून सगळ्यात जास्त घसरला तो हाच, आणि बिनी दरवाजाच्या खालच्या पॅचला रेलिंग धरून मी आपली एकेक पाऊल टाकत आले वर. हळू आले, मान्य. पण हळू येणं म्हणजे... जाऊ दे. १४०३ मीटरचा तोरणा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड, तो चढून मेंगाईच्या देवळापर्यंत आलेल्या बाईला पुढचं झेपणार नाही हे कोणी ठरवलं? "येतेस का" विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, नको रे बाबा, या तुम्ही जाऊन, गुडघे बोलायला लागलेत. खरंच म्हटलं असतं. पण नाही म्हणायचा मान माझा होता ना! तोच काढून घेतला.

आई पर्वतीला यायची बंद झाली ती नेमकी कधी, कोणी काय म्हटल्यावर, हे तिथे बसून आठवत होते. राहू दे.

खालून आमच्या मागे आलेलं कुत्रं, ज्याला मी अर्धी पोळी घातली होती, ते पण त्यांच्याबरोबर गेलं. म्हणजे बघा.

मग बॅगा देवळात सारल्या आणि तटाकडे जाऊन उभी राहिले. सोनकी फुललीये सगळीकडे, ढग जरा सरकले तर समोर राजगडाचा बालेकिल्ला स्वच्छ. आणि एकदम आठवलं, तोरण्यावर धन सापडलं, त्यातून राजगड उभा राहिला असं शाळेपासून ऐकतोय आपण, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, तोरणा नाही. याला पण कोणीतरी बस म्हटलंय बॅगांपाशी! एकटीच हसले मोठ्याने. शेजारी एक ग्रुप सेल्फी काढत होता, त्यांनी वळून पाहिलं, पाहू देत.

त्यानंतर जरा बरं वाटलं. पूर्ण नाही. सगळ्या बॅगा माझ्याच ताब्यात होत्या, तेव्हा त्याच्या बॅगेतली शेंगदाण्याची चिक्की काढली आणि अख्खं पाकीट संपवलं, सावकाश, मेंगाईच्या साक्षीने.

आले सगळे तासा-दीड तासाने, लालेलाल होऊन, माची कशी भारी, वारा कसा, तू यायला हवं होतंस आत्या वगैरे. मी हूं हूं केलं. त्याने बॅग उघडली, चाचपली, दोनदा उलटी केली. "चिक्की कुठे गेली?"

"कुत्र्याने खाल्ली असेल," म्हटलं.

कुत्रं तर माचीवर त्याच्याच बरोबर होतं हे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत गाडी नसरापूरला पोचली होती.